दोनशे वर्षांची देणगी

इ. स. १७२३ च्या ऑक्टोबर महिन्यातील एक रविवार होता. सकाळी आठ-नऊच्या सुमारास अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या धक्क्याला एक लहानशी होडी येऊन लागली. तिच्यातून सतरा वर्षांचा एक मुलगा उतरला. प्रवासाने त्याचे कपडे मळले होते. सदरे आणि पायमोजे कोंबून भरल्यामुळे त्याच्या अंगरख्याचे खिसे फुगले होते. त्या शहरात त्याच्या ओळखीचे एकही माणूस नव्हते. एक चांदीचे नाणे आणि शिलिंगभर तांब्याची मोड, एवढीच काय ती त्याची पुंजी होती. होडीचे भाडे म्हणून त्याने ती मोड नावाड्यांपुढे धरली. वाटेत त्याने स्वतः वल्ही मारली होती, म्हणून ते पैसे घेईनात. पण त्याने आग्रह करून ते त्यांना घ्यावयास लावले.

मग भुकेची आठवण झाली. पाववाल्याच्या दुकानात जाऊन त्याने तीन पेनींचे पाव मागितले. त्याच्या गावी पाव महाग होते. येथे तेवढ्याच पैशांत तीन मोठे फुगीर पाव हाती आले. खिशात तर जागा नव्हती. दोन पाव त्याने दोन बगलांत धरले आणि तिसरा खात खात तो रस्त्याने चालू लागला. फिरत फिरत तो पुन्हा धक्क्यावर आला. त्याच्याबरोबर होडीतून आलेली एक बाई आपल्या मुलासह पुढच्या प्रवासासाठी तेथेच थांबली होती. एका पावाने त्याचे पोट भरले होते. उरलेले दोन्ही पाव त्याने त्या मायलेकरांस देऊन टाकले.

हाच मुलगा पुढे बेंजामिन फ्रँकलिन या नावाने जगप्रसिद्ध झाला. आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील वीज एकच आहेत, हे दाखवून देणारा शास्त्रज्ञ म्हणून लोक त्याला ओळखतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा एक शिल्पकार म्हणूनही त्याचे नाव घेतले जाते. परंतु फिलाडेल्फियाच्या नागरिकांना त्याची आणखी एक ओळख आहे. एकट्याच्या हातून न होणारे काम शंभर जणांच्या वर्गणीतून कसे उभे करावे, हे त्याने त्या शहराला शिकविले.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ह्या सर्व वसाहती त्या काळी इंग्लंडच्या राजाच्या अंमलाखाली होत्या. बेंजामिनचे वडील साबण आणि मेणबत्त्या तयार करून विकत. त्यांना एकंदर सतरा मुले होती आणि बेंजामिन हा त्यांतील पंधरावा. एवढ्या मोठ्या कुटुंबात त्याच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षे. दहाव्या वर्षीच तो वडिलांच्या दुकानात वाती कापू लागला आणि साच्यांत चरबी ओतू लागला. हे काम त्याला मुळीच आवडेना. त्याला वेड होते वाचनाचे. हाती येईल तो पैसा तो पुस्तकांवर खर्च करी. शेवटी बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीस ठेवले. तेथे तो खिळे जुळवावयास शिकला आणि रात्री जागून उसनी आणलेली पुस्तके वाचू लागला. पण भाऊ तापट होता, प्रसंगी मारही देई. पाच वर्षे काढल्यावर बेंजामिन घर सोडून निघाला आणि अखेर फिलाडेल्फियास पोहोचला.

फिलाडेल्फियात त्याला छापखान्यात काम मिळाले. मध्यंतरी दोन वर्षे लंडनमध्ये राहून तो ह्या धंद्यात तरबेज झाला. १७२८ साली त्याने एका भागीदाराबरोबर स्वतःचा छापखाना काढला. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तो राबे. विकत घेतलेला कागद हातगाडीवर घालून भर रस्त्यातून स्वतः ओढीत आणण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. तरीही एके दिवशी मोठे संकट उभे राहिले. यंत्रासाठी आणि खिळ्यांसाठी जे पैसे भागीदाराच्या वडिलांनी द्यावयाचे होते, ते त्यांना देता येईनात. सावकाराने फिर्याद केली. छापखाना लिलावात जाणार, असे दिसू लागले.

अशा वेळी फ्रँकलिनचे दोन मित्र त्याच्याकडे आले. एकाचे नाव विल्यम कोलमन आणि दुसऱ्याचे रॉबर्ट ग्रेस. ते दोघे एकत्र आले नव्हते. एकाला दुसऱ्याचा बेत ठाऊकही नव्हता. फ्रँकलिनने तोंडातून शब्द काढण्यापूर्वीच प्रत्येकाने त्याला लागेल तेवढी रक्कम देऊ केली. फ्रँकलिनने कोणाचेही मन दुखविले नाही. अर्धी रक्कम त्याने एकाकडून घेतली, अर्धी दुसऱ्याकडून. छापखाना वाचला. पुढे त्याने दोघांचे पैसे फेडले. परंतु कष्टाळू तरुणाच्या हाती योग्य वेळी पडलेली थोडीशी रक्कम त्याचे सारे आयुष्य कसे सावरते, ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाही.

हे मित्र त्याला लाभले होते एका मंडळात. १७२७ साली फ्रँकलिनने आपल्यासारख्याच कष्टकरी तरुणांचे एक मंडळ स्थापन केले होते. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. त्यांत कोणी काच बसविणारा होता, कोणी जमिनीची मोजणी करणारा, कोणी जोडे शिवणारा, कोणी सुतार, तर कोणी कारकून. श्रीमंत असे थोडेच. ते निरनिराळ्या विषयांवर निबंध वाचीत, वादविवाद करीत आणि शहरात काय सुधारणा करता येईल याचा विचार करीत.

ह्या मंडळात पुस्तकांची फार अडचण भासे. त्या काळी चांगली पुस्तके इंग्लंडहून मागवावी लागत आणि ती एकेकट्याला परवडण्यासारखी नसत. फ्रँकलिनने सुचविले की, प्रत्येकाने आपापली पुस्तके मंडळाच्या खोलीत आणून ठेवावीत, म्हणजे सर्वांना सर्व पुस्तके वाचावयास मिळतील. प्रयोग वर्षभर चालला. पण पुस्तकांची नीट निगा राहिली नाही, म्हणून जो तो आपली पुस्तके घेऊन घरी गेला. दुसरा कोणी असता तर तो येथेच निराश झाला असता. फ्रँकलिनने मात्र त्यातून धडा घेतला. पुस्तके एकत्र ठेवली एवढ्याने भागत नाही. त्यांवर देखरेख ठेवणारे कोणी हवे, नियम हवेत, आणि दरवर्षी थोडा पैसा येत राहील अशी सोय हवी, हे त्याने ओळखले. १७३१ साली त्याने नवी योजना आखली. सुरुवातीस प्रत्येकी चाळीस शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग देणारे पन्नास वर्गणीदार त्याने मिळविले. त्यांतून लंडनहून पुस्तके आली. अशा रीतीने वर्गणीवर चालणारे एक मोठे ग्रंथालय फिलाडेल्फियात उभे राहिले. ते ग्रंथालय आजतागायत चालू आहे.

वर्गणीसाठी दारोदार हिंडत असता फ्रँकलिनला मनुष्यस्वभावाची एक खूण पटली. एखादे चांगले काम आपणच काढले, असे मिरविणाऱ्या माणसाला लोक सढळ हाताने मदत करीत नाहीत. त्या कामामुळे ह्याचे नाव होईल, अशी असूया त्यांच्या मनात येते. तेव्हापासून फ्रँकलिन स्वतः मागे राहू लागला. ही योजना काही मित्रांची आहे आणि आपण केवळ त्यांचा निरोप घेऊन आलो आहोत, असे तो सांगे. असे केल्याने कामे भराभर होऊ लागली. मोठेपणाचा थोडासा त्याग केला की पुढे तो आपोआप परत मिळतो, असा त्याचा अनुभव होता.

पुढची गोष्ट आगीची. त्या काळच्या शहरांत घरे दाटीवाटीने बांधलेली असत आणि एका घराला आग लागली की ती आळीभर पसरे. १७३६ साली फ्रँकलिनने तीस जणांचे एक आग विझविणारे पथक उभारले. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाहून नेण्यासाठी बळकट पिशव्या व टोपल्या सदैव तयार ठेवावयाच्या आणि हाक येताच त्या घेऊन धावावयाचे, असा नियम होता. महिन्यातून एकदा सर्वांनी जमून विचारविनिमय करावयाचा. जो बैठकीस गैरहजर राहील, त्याला दंड. त्या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले. पथकाचे काम पाहून आणखी पुष्कळ लोक सभासद होऊ इच्छू लागले. फ्रँकलिनच्या पथकाने त्यांना सल्ला दिला की, तुम्ही आपापल्या भागात नवी पथके काढा. अशी एकामागून एक पथके निघाली आणि सारे शहर सुरक्षित झाले. शेजाऱ्याचे घर वाचविणे म्हणजे आपलेच घर वाचविणे, हे लोकांना कळले.

फ्रँकलिनच्या दातृत्वाची एक गमतीची हकीकत आहे. १७४० च्या सुमारास व्हाइटफील्ड नावाचे एक प्रसिद्ध धर्मोपदेशक फिलाडेल्फियात आले. दूरच्या जॉर्जिया वसाहतीत अनाथ मुलांसाठी आश्रम बांधावा, असा त्यांचा संकल्प होता. जॉर्जियात त्या वेळी बांधकामाचे सामान मिळत नसे आणि कारागीरही नसत. तेव्हा आश्रम फिलाडेल्फियातच बांधून मुलांना येथे आणणे स्वस्त पडेल, असे फ्रँकलिनने सुचविले. व्हाइटफील्ड यांनी ते मानले नाही. फ्रँकलिनला राग आला आणि ह्या कामास काही द्यावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला. पुढे तो त्यांच्या प्रवचनास गेला. त्याच्या खिशात मूठभर तांब्याची नाणी, तीन-चार रुप्याची आणि पाच सोन्याची नाणी होती. प्रवचन रंगू लागले तसा त्याचा निश्चय ढळू लागला. आधी त्याला वाटले, तांब्याची नाणी द्यावीत. थोड्या वेळाने तेवढ्याचीच लाज वाटून त्याने चांदीही द्यावयाचे ठरविले. प्रवचन संपले तेव्हा सोन्यासकट सारा खिसा त्याने वर्गणीच्या ताटात रिकामा केला. कोठे आणि कसे द्यावे याचा विचार करणारा फ्रँकलिन मनाने असा हळवा होता.

तथापि नुसत्या हळवेपणाने मोठी कामे होत नाहीत. त्यांना युक्तीही लागते. ती युक्ती फ्रँकलिनने रुग्णालयाच्या कामात दाखविली. गरीब रोग्यांसाठी फिलाडेल्फियात एक रुग्णालय असावे, असे त्याचे मित्र डॉक्टर थॉमस बाँड यांना वाटत होते. ते वर्गणी मागावयास निघाले. पण जो तो त्यांना विचारू लागला की, ह्याबाबत फ्रँकलिनचे मत घेतले आहे काय. अखेर डॉक्टर फ्रँकलिनकडे आले. फ्रँकलिनने स्वतः वर्गणी घातली आणि आपल्या वर्तमानपत्रातून लोकांची मने तयार केली. तरीही पैसे कमी पडू लागले. तेव्हा पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधिमंडळाकडे मदत मागावयाचे ठरले. विधिमंडळातील खेड्यापाड्यांचे प्रतिनिधी राजी होईनात. रुग्णालयाचा लाभ शहरालाच मिळणार, मग खर्च शहरानेच करावा, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय शहरातील लोकांना तरी ते मनापासून हवे आहे काय, अशी शंका त्यांनी काढली.

फ्रँकलिनने वाद घातला नाही. त्याने एक ठराव तयार केला. नागरिकांनी आपण होऊन २,००० पौंड जमविले, तरच विधिमंडळाने आणखी २,००० पौंड द्यावेत, अशी त्यात अट होती. एवढी रक्कम कधीच जमणार नाही, अशी विरोधकांची खात्री होती. एक पैसाही खर्च न करता उदारपणाचे श्रेय मिळते आहे, असे पाहून त्यांनी ठराव आनंदाने मान्य केला. आता फ्रँकलिन लोकांकडे गेला. जो कोणी वर्गणी देईल त्याची देणगी दुप्पट होणार आहे, हे त्याने सर्वांना समजावून सांगितले. एक पौंड दिला की रुग्णालयाला दोन पौंड मिळणार! लोकांत उत्साह संचारला. ठरलेल्या रकमेहून अधिक पैसे जमले आणि विधिमंडळाला आपला शब्द पाळावा लागला.

१७५१ साली स्थापन झालेले हे पेनसिल्व्हेनिया रुग्णालय पुढच्या वर्षी एका भाड्याच्या घरात सुरू झाले. १७५५ साली त्याच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसली. शहरातला असो की परका असो, गरीब रोग्याला तेथे उपचार मिळावेत, असा त्याचा उद्देश होता. एके काळी फ्रँकलिन स्वतःच त्या शहरात परका म्हणून आला होता. आपण योजलेल्या ह्या युक्तीबद्दल त्याला उतारवयातही मोठी मौज वाटे. हे रुग्णालयही अद्याप चालू आहे.

असाच एक पाद्री एकदा त्याच्याकडे आला. नवे प्रार्थनामंदिर बांधण्यासाठी कोणाकडे वर्गणी मागावी, अशी यादी त्याला हवी होती. ज्यांनी पूर्वी आपला मान राखून पैसे दिले, त्यांचीच नावे पुन्हा पुन्हा सांगून त्यांना त्रास देणे फ्रँकलिनला योग्य वाटेना. त्याने यादी दिली नाही, सल्ला मात्र दिला. जे नक्की देतील त्यांच्याकडे प्रथम जावे. देतील की नाही याची शंका असेल त्यांच्याकडे नंतर जावे आणि पहिल्यांची नावे दाखवावीत. जे मुळीच देणार नाहीत अशी खात्री वाटते, त्यांनाही अखेरीस वगळू नये, कारण त्यांतील काहींविषयी आपला अंदाज चुकलेला असू शकतो. पाद्री हसला. पण सांगितल्याप्रमाणे तो सर्वांकडे गेला आणि अपेक्षेहून अधिक वर्गणी घेऊन परतला.

फ्रँकलिनने खोलीत ऊब राहावी म्हणून एक नवी शेगडी तयार केली होती. तिचा हक्क स्वतःपुरता राखून ठेवण्याची परवानगी प्रांताचा गव्हर्नर त्याला देत होता. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांचा आपण फुकट लाभ घेतो, मग आपला शोधही सर्वांना मोकळेपणाने द्यावा, असे म्हणून त्याने ती नाकारली. १७५२ साली त्याने पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला आणि घरांवर पडणाऱ्या विजेपासून रक्षण करणारी लोखंडी सळई लोकांस दिली. पुढे वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून त्याने अनेक वर्षे लंडनमध्ये काढली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. युद्धाच्या काळात फ्रान्सची मदत त्यानेच मिळविली आणि १७८३ च्या तहातही त्याचा वाटा होता.

एवढ्या थोर पुरुषाच्या चरित्रातही एक डाग आहे. त्याच्या घरी गुलाम होते, आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्याच्या वर्तमानपत्रात छापल्या जात. हा घोर अन्याय आहे, हे त्याला उशिरा उमगले. पण उमगल्यावर तो स्वस्थ बसला नाही. १७८७ साली तो गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. सुटका झालेल्यांना शिक्षण आणि काम मिळावे म्हणून त्याने लोकांस मदतीचे आवाहन केले. मृत्यूपूर्वी दोनच महिने त्याने देशाच्या संसदेकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठविला.

आयुष्याच्या अखेरीस फ्रँकलिन तीन वर्षे पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष होता. लोकशाहीत सन्मानाच्या पदासाठी पगार घेऊ नये, असे त्याचे मत होते. तो पैसा लोकांच्या कामी लावावयाचे त्याने ठरविले. तो कसा लावावा, याची कल्पना त्याला एका फ्रेंच लेखकाच्या विनोदी लेखनावरून सुचली. थोडीशी रक्कम शतकानुशतके व्याजाने वाढू दिली, तर तिचे केवढे डोंगर होतील, असे त्या लेखकाने गमतीने दाखविले होते. फ्रँकलिनने ती गंमत खरी करावयाचे मनावर घेतले.

१७८९ साली त्याने आपल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडली. ज्या बोस्टनमध्ये तो जन्मला आणि ज्या फिलाडेल्फियाने त्याला थारा दिला, त्या दोन्ही शहरांना त्याने प्रत्येकी १,००० पौंड दिले. पण ती रक्कम खर्च करून टाकावयाची नव्हती. उमेदवारी पुरी केलेल्या पंचवीस वर्षांखालील विवाहित कारागिरांना त्यातून १५ ते ६० पौंड कर्ज द्यावयाचे होते. कर्जदाराने दोन जामीन द्यावेत, दरसाल शेकडा ५ व्याज द्यावे आणि मुद्दलाचा दहावा भाग दरवर्षी परत करावा. परत आलेली रक्कम पुन्हा दुसऱ्या कारागिराला द्यावी. दोन मित्रांनी तरुणपणी दिलेल्या कर्जाने आपला संसार उभा राहिला, तसाच इतरांचाही उभा राहावा, अशी त्याची इच्छा होती.

त्याने हिशेबही मांडला होता. एक हजार पौंड अशा रीतीने वाढत गेले तर शंभर वर्षांत १,३१,००० पौंड होतील. त्यांतील १,००,००० पौंड शहराने लोकोपयोगी बांधकामांत खर्चावेत आणि ३१,००० पौंड आणखी शंभर वर्षे कर्जाऊ फिरत ठेवावेत. दोनशे वर्षांनी जी रक्कम होईल, ती शहर आणि प्रांत यांनी वाटून घ्यावी. १७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन, फ्रँकलिन मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेस सुमारे वीस हजार लोक लोटले होते. माणूस गेला, पण त्याचा पैसा कामाला लागला.

सारे काही त्याच्या हिशेबाप्रमाणे झाले नाही. मोठमोठे कारखाने निघाले आणि उमेदवारी करून स्वतःचे दुकान थाटणारे कारागीर कमी होऊ लागले. फ्रँकलिनच्या अटींत बसणारा कर्जदार मिळणे कठीण झाले. कित्येकांनी घेतलेले कर्ज फेडले नाही. बोस्टनच्या विश्वस्तांनी रक्कम सुरक्षित ठिकाणी व्याजाने गुंतविली, म्हणून ती पुष्कळ वाढली. फिलाडेल्फियाची त्या मानाने थोडी वाढली. शंभर वर्षांनी बोस्टनने आपल्या वाट्यातून तरुणांना तांत्रिक शिक्षण देणारी संस्था उभारण्याचे ठरविले. तेव्हा अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने, शहराने जागा दिल्यास तेवढीच रक्कम आपण घालू, असे कळविले. दीडशे वर्षांपूर्वी रुग्णालयासाठी फ्रँकलिनने योजलेली युक्ती आता त्याच्याच निधीच्या उपयोगी पडली. १९०८ साली ती संस्था सुरू झाली. फिलाडेल्फियाच्या पैशांचा उपयोग तेथील विज्ञानाच्या संग्रहालयासाठी झाला.

१९९० साली दोनशे वर्षे पुरी झाली. बोस्टनचा निधी त्या वेळी सुमारे ५० लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाचा २० लाख डॉलरांहून अधिक झाला होता. फिलाडेल्फिया शहराने आपला वाटा हस्तकौशल्ये आणि तांत्रिक विद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ठेवला. तो सांभाळण्याचे काम १९१८ साली स्थापन झालेल्या एका लोकनिधीकडे सोपविण्यात आले. अशा संस्थांना तिकडे कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात.

हे लोकनिधी म्हणजे फ्रँकलिनच्या विचाराला नंतरच्या लोकांनी दिलेले पुढचे रूप होय. त्यांतील पहिला निधी १९१४ साली क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या अध्यक्षाने स्थापन केला. जुन्या दात्यांनी मृत्युपत्रांत घातलेल्या अटी काळ बदलल्यावर निरुपयोगी होतात आणि पैसा पडून राहतो, ही गोष्ट त्याला सलत होती. यासाठी त्याने अशी व्यवस्था केली की, लहानमोठ्या सर्व दात्यांच्या देणग्या एकत्र ठेवाव्यात, बँकेने त्या गुंतवाव्यात आणि व्याजाचा विनियोग नागरिकांच्या एका समितीने करावा. समितीवर काही सभासद बँकेने नेमावयाचे, तर इतर महापौराने आणि न्यायाधीशांनी. दात्याने सांगितलेले काम होत असेल तोवर पैसा त्याच कामी लागे. ते काम उरले नाही, तर समितीने शहराची नवी गरज पाहून तो दुसरीकडे वळवावा. शहराची गरज कळावी म्हणून त्या निधीने प्रथम क्लीव्हलंडच्या शाळा आणि इतर सेवा यांची पाहणीही केली. अशा लोकनिधीत धनिकाची इस्टेट येते आणि सामान्य माणसाची छोटी रक्कमही येते. मुद्दल टिकते, व्याज वाटले जाते, आणि ज्या गावचा पैसा त्या गावच्याच कामी पडतो. क्लीव्हलंडचे पाहून बोस्टनसह इतर शहरांनीही असे निधी काढले. पुढे ही पद्धत जगातील अनेक देशांत पसरली.

गाव करी ते राव न करी, अशी आपल्याकडे म्हण आहे. फ्रँकलिनचे सारे आयुष्य म्हणजे ह्या म्हणीचा प्रत्ययच होय. ग्रंथालय, आगीचे पथक, रुग्णालय ही कोण्या एका धनवंताची देणगी नव्हती. सुतार, लोहार, जोडे शिवणारे आणि छपाई करणारे अशा शेकडो लोकांनी आपल्या मिळकतीतून काढून ठेवलेल्या नाण्यांची ती फळे होती. फ्रँकलिनने त्यांना एकत्र आणले, त्यांच्यासाठी नियम घालून दिले आणि स्वतःचे नाव मागे ठेवले.

धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या मायलेकरांना दिलेले दोन पाव त्याच दिवशी संपले. मित्रांचे ऋण आठवून ठेवलेले हजार पौंड मात्र दोनशे वर्षे हातोहात फिरले. आज फिलाडेल्फियातील एखादा गरीब घरचा मुलगा हत्यारे हाती धरून एखादे कसब शिकत असेल, तर त्याच्या शिक्षणात कोलमन आणि ग्रेस या दोन मित्रांनी एका अडचणीत सापडलेल्या मुद्रकावर टाकलेल्या विश्वासाचाही वाटा आहे.